स्वतःचा कापूस विकणे हा गुन्हा कसा?



चोरी म्हणजे काय? दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीवाचून, लबाडीने नेणे. १८६० च्या दंड संहितेत हेच होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही हेच आहे. कृत्य आणि वाईट हेतू, दोन्ही असल्याशिवाय सहसा गुन्हा होत नाही.

हे माप कापसाला लावा. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी आली. आपल्या रानातला, आपल्या घामाचा कापूस. पण तो सरकारी खरेदीलाच घालायचा, परवानगीवाचून राज्याबाहेर न्यायचा नाही. नेला तर नाक्यावर गाडी अडलीच. यात चोरले कोणाचे? फसवले कोणाला? पलीकडे चार पैसे जास्त मिळतात, एवढाच हेतू! पुढे २००२ मध्ये खासगी खरेदी खुली झाली आणि कालचा गुन्हा आजचा व्यापार ठरला. खरी चोरी अशी एका सहीने व्यापार होत नाही.

एकाधिकार गेला, वृत्ती राहिली. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात तणनाशक सहन करणारी, मंजुरी नसलेली कपाशी जाहीरपणे पेरणाऱ्या शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. वाणात धोका असेल तर शिवारात येऊन तपासा. पेरणाऱ्याला आरोपी कशाला करता?

पोलीस दारात आले तर कलम विचारा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेचे कारण सांगावेच लागते. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. आणि सरकारला एकच विचारा: आमच्या हातून नुकसान कोणाचे झाले? उत्तर नसेल तर गुन्हेगार तो कायदा आहे, शेतकरी नव्हे.