विश्लेषण : ‘कमिशन शून्य’, तरी विमानतळावरचा डॉलर महाग का?

परदेशवारीची तयारी महिनाभर चालते. व्हिसा, विमा, हॉटेल, खाकरे-चकल्यांची पाकिटे, सगळे जागच्या जागी असते. राहून जाते ते परकीय चलन. मग मुंबईच्या विमानतळावर सामान देऊन झाले, की घाईघाईने चलन बदलणाऱ्या काउंटरसमोर रांग लागते. वर मोठ्या अक्षरांत ‘कमिशन शून्य’ अशी पाटी असते. ती खोटी नाही, पावतीवर कमिशनचा रकाना खरोखरच रिकामा असतो. पैसे जातात ते दरात.

नेमके किती जातात?

गूगलवर डॉलरचा जो भाव दिसतो, तो बाजारातला मधला भाव. त्या भावाने किरकोळ ग्राहकाला डॉलर कोणीच देत नाही. विक्रेता त्याच्यापेक्षा वर विकतो, खाली विकत घेतो. मधली तफावत हीच त्याची कमाई आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न ती तफावत किती, हा आहे.

हिशेबाच्या सोयीसाठी मधला भाव ९० रुपये धरू. शहरातल्या परवानाधारक विक्रेत्याने डॉलर ९१ ला दिला, तर ५०० डॉलरला ४५,५०० रुपये पडतील. विमानतळावर तोच ९५ रुपये ५० पैशांना मिळाला, तर ४७,७५० रुपये. फरक २,२५० रुपयांचा. या व्यवहारावर वस्तू व सेवा करही लागतो. एक लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीत रकमेच्या १ टक्का हे सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के कर, म्हणजे इथे सुमारे ८६ रुपये. गंमत अशी, की काउंटरवर हुज्जत घातली जाते ती या ८६ रुपयांवरून, कारण ते पावतीवर वेगळे छापलेले असतात. सव्वादोन हजार कुठेच छापलेले नसतात.

परतताना पुन्हा तेच. उरलेले १०० डॉलर त्याच काउंटरने ८५ ला घेतले, तर ९,५५० रुपयांना घेतलेल्या नोटांचे ८,५०० हाती येतात.

विमानतळावरच असे का होते?

एक तर जागा महाग. विमानतळावरील दुकानांकडून चालक कंपनी भाडे किंवा उत्पन्नातला वाटा घेते आणि तो शेवटी ग्राहकाच्याच दरात उतरतो. २०१६ च्या नागरी हवाई वाहतूक धोरणानुसार हवाई सेवेखेरीजच्या अशा उत्पन्नातला ३० टक्के हिस्सा विमानतळ शुल्क ठरवताना जमेस धरला जातो. म्हणजे दुकाने कमावतात म्हणून सर्वांवरचे शुल्क थोडे हलके होते, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण तो भार उचलतो कोण? वारंवार प्रवास करणारा अधिकारी तिथे डॉलर घेत नाही, त्याच्याकडे कार्ड असते. काउंटरवर उभा असतो तो पहिल्यांदाच आखातात नोकरीला निघालेला तरुण, किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला चाललेले आई-वडील. ज्याला माहिती कमी, त्याच्याकडून जास्त घेणारी ही व्यवस्था आहे.

दुसरे कारण, गिऱ्हाईक अडलेले असते. ते मागे फिरून शहरात जाऊ शकत नाही. स्पर्धा असली तर काय होते, हे बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर दिसते. आगमन कक्षातल्या बँकांच्या काउंटरवर मिळणारा दर आणि तळघरात, रेल्वे स्थानकाशेजारी असलेल्या खासगी काउंटरवरचा दर यांत चांगलाच फरक असतो. इमारत एकच. खाली एकाशेजारी एक दुकाने आहेत आणि जाणकार प्रवासी सामान घेऊन थेट तिकडेच वळतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चलन विक्रेत्याने दरफलक दर्शनी भागात लावायचा असतो. तो लावलेलाही असतो, पण नुसत्या आकड्यावरून तो महाग की स्वस्त, हे कळत नाही. एफबीआयएल ही संस्था डॉलर, युरो, पौंड आणि येनचा संदर्भ दर कामकाजाच्या दिवशी जाहीर करते. तो दर आणि त्यापासूनची टक्केवारीतली तफावत फलकावर आणि पावतीवर छापणे सक्तीचे का नसावे? युरोपीय संघाने कार्ड आणि एटीएमवरील चलन रूपांतरासाठी अशी टक्केवारी सांगणे २०२० पासून बंधनकारक केले आहे. आपल्याकडे त्यासाठी नवा कायदाही लागू नये, रिझर्व्ह बँकेचे एक परिपत्रक पुरेल.

तोवर प्रवाशाने काय करावे?

चलन घेऊन ६० दिवसांत वापरायचे असते, त्यामुळे आठ-दहा दिवस आधी घेण्यात कोणतीच अडचण नाही. पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि लागत असल्यास व्हिसा दाखवावा लागतो. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा मिळतात, बाकीची रक्कम कार्डावर घ्यावी लागते. ५० हजार रुपये किंवा त्याहून मोठ्या खरेदीचे पैसे रोखीने देता येत नाहीत. दोन-तीन ठिकाणी फोन करून दर विचारण्याऐवजी एवढेच विचारावे, ‘५०० डॉलरचे सगळे धरून एकूण किती रुपये?’ या एका प्रश्नात कमिशन, सेवाशुल्क, कर सगळे बाहेर येते. बिनपावतीचा ‘ओळखीतला माणूस’ मात्र टाळावा. तो व्यवहार बेकायदा असतो आणि नोट बनावट निघाली, तर दाद मागायला जागा नाही.

थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशियाला जाताना तिथले चलन इथे शोधत बसू नये. इथे ते कमी खपते, म्हणून महाग पडते. शंभर डॉलरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा नेऊन तिथे बदलणे बरे. फाटक्या किंवा जुन्या नोटा अनेक ठिकाणी नाकारतात.

सगळे राहून गेलेच, तर विमानतळावर टॅक्सी आणि पहिल्या दिवसाच्या जेवणापुरतेच घ्यावे. काही विक्रेते ऑनलाइन नोंदणी करून विमानतळावर चलन हाती देतात आणि तो दर काउंटरच्या दरापेक्षा चांगला असू शकतो. रांगेत उभे राहूनही मोबाइलवर तो तपासता येतो. घासाघीस करायलाही लाजू नये.

परदेशातल्या एटीएममधून काढले तर?

तोही मार्ग आहे, पण कार्डावरचा आंतरराष्ट्रीय वापर घरून निघण्यापूर्वी सुरू करून ठेवा. २०२० पासून नवी कार्डे फक्त देशांतर्गत वापरापुरती सुरू असतात. बँकेचे रूपांतर शुल्क अनेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय तिथले एटीएमही स्वतःचे पैसे घेते. थायलंडमध्ये ते प्रत्येक वेळी २२० बाट किंवा त्याहून अधिक असते, त्यामुळे थोडे थोडे काढणे अंगाशी येते. आणि यंत्राने ‘रुपयांत आकारू का?’ असे विचारले, तर ‘नाही’ म्हणा. तो दर यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो जवळजवळ नेहमीच वाईट असतो. दुकानातल्या कार्डयंत्रालाही हेच लागू.

उरलेल्या नोटांचे काय?

परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी घरी ठेवता येतात. त्याहून जास्त असतील, तर १८० दिवसांत परत कराव्या लागतात. म्हणून उतरल्या उतरल्या त्याच काउंटरवर विकायची घाई नको. नाणी मात्र इथे सहसा कोणी घेत नाही. ती तिकडेच, शेवटच्या कॉफीत संपवलेली बरी.