सम्यक स्मृती आणि विद्यार्थ्यांचा राग

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वसतिगृहाच्या भोजनगृहात रात्रीच्या जेवणाच्या वेळी आठवीतील एका मुलाने ताट भिरकावले. वरणाचे शिंतोडे आमच्या सदऱ्यावर उडाले आणि पुढच्याच क्षणी आमचा हात त्याच्या गालावर पडला. सारे भोजनगृह चिडीचूप झाले. त्या शांततेला आम्ही त्या वेळी शिस्त समजलो. दुसऱ्या दिवशी कळले की, शेजारी बसलेल्या मुलाने त्याला आईच्या कामावरून टोमणा मारला होता. ती माउली दुसऱ्यांच्या गोठ्यांतले शेण काढून मुलाला शिकवीत होती. टोमणा, ताट आणि चापट असे तीन प्रसंग एका मिनिटात घडले. तिघांपैकी एकानेही हात किंवा जीभ उचलण्यापूर्वी स्वतःच्या मनाकडे पाहिले नव्हते. त्या तिघांत वयाने आणि पदवीने मोठे आम्हीच होतो, म्हणून अधिक दोषही आमचाच होता.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि धम्मबांधव यांच्यापुढे एक विचार मांडावासा वाटतो. आपल्या मुलांना राग येतो, तो येणारच. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसला, त्याच्या मुलांना अपमान कळावा आणि त्याची चीड यावी, हे जिवंतपणाचेच लक्षण होय. मात्र राग येणे आणि रागाने आपल्याला ओढत नेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या दोहोंमधले अंतर ओळखण्याचे शिक्षण भगवान बुद्धांनी ‘सती’ या शब्दाने दिले. अष्टांगिक मार्गात तिला सम्यक स्मृती म्हटले आहे. आज शहरांतून तीच ‘माइंडफुलनेस’ या नावाने शिकवली जाते. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिच्या आधारे ताण कमी करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला आणि जगाचे लक्ष तिकडे वळले. आपल्या घरातली ठेव आपल्याकडे अशी दूरच्या वाटेने परत आली आहे.

ही सती काम कशी करते? धम्माचे विश्लेषण असे की, इंद्रियांचा विषयाशी स्पर्श झाला की वेदना, म्हणजे सुखद, दुःखद किंवा तटस्थ संवेदना उत्पन्न होते. वेदनेतून तृष्णा, म्हणजे हवे-नकोपणाची ओढ उत्पन्न होते आणि तेथून माणूस कृतीकडे धावतो. कानावर शिवी पडणे आपल्या हाती नाही. छातीत धडधडणे, कानशिले तापणे, श्वास उथळ होणे, मुठी आवळल्या जाणे हेही आपल्याला विचारून होत नाही. पण ‘आता माझी छाती धडधडते आहे’ एवढे जो त्या क्षणी जाणतो, त्याला वेदना आणि कृती यांच्यामध्ये उभे राहण्यापुरती जागा मिळते. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म या चारही ठिकाणी स्मृती जागी ठेवण्यास सांगितले आहे, ते याचसाठी. राग दाबून टाका, असे तेथे कोठेही सांगितलेले नाही. चित्तात क्रोध असेल तर तो आहे, असे स्पष्ट जाणावे, एवढीच पहिली पायरी आहे.

येथे आमचे काही कार्यकर्ते मित्र एक आक्षेप घेतात आणि तो आम्हांला गंभीर वाटतो. ते म्हणतात, “गुरुजी, ज्यांना शतकानुशतके गप्प बसवले, त्यांच्या मुलांना तुम्ही पुन्हा डोळे मिटून गप्प बसायला शिकवता काय?” या प्रश्नाचे उत्तर आम्ही इतिहासाच्या आधारे देऊ इच्छितो.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० तारखेला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर अस्पृश्य लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि मंडपात जेवणाऱ्या, परतीच्या वाटेला लागलेल्या आपल्या माणसांवर लाठ्यांनी हल्ला झाला. आपल्याकडेही मनगटात बळ असलेले लोक होते. सैन्यातून निवृत्त झालेले जवान होते. बाबासाहेबांच्या एका शब्दाची ते वाट पाहत होते. तो शब्द बाबासाहेबांनी उच्चारला नाही. त्यांनी लोकांना आवरले, जखमींची विचारपूस केली आणि कायद्याचा मार्ग धरला. पुढे काही हल्लेखोरांना शिक्षाही झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरात लोक पुन्हा तळ्यावर जाण्यास सज्ज असताना न्यायालयाचा मनाईहुकूम आला, तेव्हाही त्यांनी सत्याग्रह स्थगित केला. मात्र त्याच परिषदेत, २५ डिसेंबर रोजी, मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले. तळ्याचा खटला सुमारे दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

या घटनाक्रमात शरणागती कोठे दिसते? तेथे राग होता, धगधगता होता. पण त्याचा लगाम हल्लेखोरांच्या हाती गेला नाही. त्या दिवशी महाडात प्रतिहल्ला झाला असता, तर पाण्याचा प्रश्न बाजूला पडून दंगलीचीच चर्चा झाली असती. ज्याला आपल्याला चिडवता येते, त्याला आपल्याला चालवताही येते. म्हणून संयम हे लढणाऱ्याचे शस्त्र आहे, असे आमचे मत आहे.

आजचे उदाहरण घ्या. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मोबाइलवर महापुरुषांची विटंबना करणारा मजकूर पाहिला. पाच मिनिटांत त्याने त्याहून कडवट मजकूर लिहिला आणि रात्री चार मित्रांसह तो समोरच्याच्या घरी गेला. विटंबना करणारा बाजूलाच राहिला. गुन्हा आमच्या मुलावर दाखल झाला. पोलीस भरतीची शारीरिक चाचणी त्याने उत्तम गुणांनी पार केली होती. चारित्र्य पडताळणीत सारे अडले. त्याची चीड योग्य होती. त्या पाच मिनिटांनी मात्र त्याच्या चार वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरवले.

‘सती’ या शब्दाचा मूळ अर्थ स्मरण असा आहे, हेही येथे लक्षात घ्यावे. अत्याचार प्रतिबंध अधिनियम, १९८९ खाली तक्रार करताना नेमके शब्द कोणते, स्थळ कोणते, वेळ कोणती, लोकांसमक्ष घडले काय, साक्षीदार कोण, हे सारे सांगावे लागते. रागाने अंध झालेल्याला यातले काहीच आठवत नाही. ज्याची स्मृती जागी असते, त्याला सारे आठवते. म्हणून आम्ही मुलांना सांगतो : आधी श्वास पाहा, मग आजूबाजूला पाहा, मग वहीत लिहा, मग तुमच्या शिक्षकांकडे या. यातील शेवटची पायरी आम्हां मोठ्यांची आहे. अपमान झालेल्या मुलाला केवळ ‘ध्यान कर’ असे सांगून परत पाठवणे, हा धम्माचा दुरुपयोग होय. मुलाने संयम पाळला, तर न्याय मिळवून देण्याची जबाबदारी संस्थेने आणि समाजाने पाळली पाहिजे.

हे शिक्षण लहान वयातच द्यावे लागते. भगवंतांनी राहुलला केलेला उपदेश प्रसिद्ध आहे. आरसा जसा पाहण्यासाठी असतो, तसे कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर तिच्याकडे पाहावे, तिने स्वतःचे वा दुसऱ्याचे अहित होते काय, हे तपासावे, असा त्याचा आशय आहे. राहुल तेव्हा सात वर्षांचा होता, असे परंपरा सांगते. सम्राट अशोकाने बैराट येथील शिलालेखात भिक्खू-भिक्खुनी आणि उपासक-उपासिका यांनी वारंवार ऐकावीत म्हणून जी सात धम्मवचने सुचवली, त्यांत राहुलला केलेला हा उपदेश आहे. साम्राज्य चालवणाऱ्याला जे आवश्यक वाटले, ते घर आणि वसतिगृह चालवणाऱ्यांना अनावश्यक कसे असेल?

आमच्या वसतिगृहात रोज सकाळी वंदनेनंतर दहा मिनिटे आनापानसती असते. श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढेच पाहायचे. ज्या मुलांना डोळे मिटून बसताना भीती वाटते, त्यांना आम्ही सावकाश चालत पावलांकडे लक्ष द्यायला सांगतो. ध्यान हे शिक्षा म्हणून कधीही द्यायचे नाही, हा नियम आहे. भांडणे थांबली, असा आमचा दावा नाही. पण भांडण झाल्यावर “सर, मला राग आला होता, ते मला कळलं होतं,” असे सांगणारी मुले आता भेटतात. आमच्या आठवीतल्या त्या प्रसंगात तिघांपैकी कोणीही हे सांगू शकला नसता.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाच्या निकालपत्रकावरून, शेजाऱ्याच्या बोलण्यावरून वा दिवसभराच्या थकव्याने आपला आवाज चढतो, तेव्हा मुले आपल्याकडूनच राग शिकत असतात. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली. घरातली मनाई मात्र आपली आपणच केली पाहिजे.

त्या मुलाची क्षमा आम्ही आठ दिवसांनी मागितली, त्याच भोजनगृहात, सर्वांसमोर. आठ दिवस लागले, याची खंत आजही आहे. तो काही बोलला नाही. त्याने सरकून आम्हांला शेजारी बसायला जागा दिली. माजी विद्यार्थ्यांनो, आपण शाळेत याल तेव्हा मुक्काम करा आणि सकाळी विहारात मुलांबरोबर दहा मिनिटे बसा. आमच्या शेजारी जागा ठेवलेली असेल.

जय भीम! नमो बुद्धाय!