तूप कमी, सुगंध तोच

आष्ट्यातील आमच्या घरी वाढदिवसाचा केक म्हणजे आजेसासूबाईंचा रव्याचा केक. अंडे नाही, मैदाही नाही. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवायची, तीत मिश्रणाचा डबा ठेवायचा आणि झाकणावर निखारे पसरायचे. ऊस-हळदीच्या या टापूत दुभत्या म्हशीही पुष्कळ. त्यामुळे तुपाला हात आखडण्याची सवय कोणालाच नव्हती. प्रमाण होते दोन वाट्या रव्यास एक वाटी तूप.

गतवर्षी मामंजींना हृदयविकाराचा त्रास झाला आणि डॉक्टरांनी तूप-साय बेताने घेण्यास सांगितले. त्या वाढदिवशी त्यांनी केक कापला, सर्वांना वाटला आणि स्वतःची बशी हळूच नातवाकडे सरकवली. कोणी काही बोलले नाही. परंतु ती सरकवलेली बशी माझ्या मनातून जाईना. यंदा त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होणार होती.

पहिल्या खेपेस मी तूप पूर्णपणे वगळले. केक कोरडा आणि चिवट झाला. सासूबाई एक घास घेऊन म्हणाल्या, "अगं, हा केक नव्हे, प्रायश्चित्त आहे!"

दुकानाचा खर्च कमी करताना आपण सरसकट कात्री लावत नाही; कोणता खर्च कशासाठी होतो, ते आधी पाहतो. तुपाचेही तसेच आहे. केकमध्ये ते मुख्यतः दोन कामे करते : सुगंध देते आणि मऊपणा राखते. सुगंधासाठी तुपाला पर्याय नाही, मात्र त्यास थोडेच तूप पुरते. मऊपणा दही आणि फळाचा गरही देऊ शकतात. हे ध्यानी आल्यावर पुढील प्रमाण जमले.

वाटी १५० मिलिलिटरची घ्यावी. दोन वाट्या बारीक रवा दोन मोठे चमचे (३० मिलिलिटर) तुपात मंद आचेवर खमंग भाजावा. सारे तूप इथेच वापरावे. सुगंध भाजण्यातच उतरतो. रवा निवल्यावर त्यात साय काढलेल्या दुधाचे एक वाटी घट्ट दही, अर्धी वाटी शिजवून गाळलेला सफरचंदाचा गर, एक वाटी साखर आणि चिमूटभर मीठ घालून अर्धा तास झाकून ठेवावे. रवा फुगला की लागेल तसे पाऊण ते एक वाटी दूध, वेलची-जायफळ, एक लहान चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा खाण्याचा सोडा मिसळून लगेच १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे भाजावे. रव्याऐवजी बेसन घेऊ नये. दह्याशी द्विदल होते.

आता हिशेब. एक वाटी तूप म्हणजे सुमारे १३५ ग्रॅम. बारा तुकडे केल्यास प्रत्येकी ११ ग्रॅमांहून अधिक तूप येई. आता सव्वादोन ग्रॅमच्या आसपास येते. एका ग्रॅम स्निग्धांशातून ९ कॅलरी मिळतात, म्हणजे तुकड्यामागे सुमारे ८० कॅलरी वाचतात. बाजू दुसरीही आहे. हा केक जुन्यासारखा टिकत नाही. त्याच दिवशी संपवावा. साखर यातही आहेच, म्हणून मधुमेहींनी तो आपला समजू नये. आणि तूप कमी म्हणून दोन तुकडे अधिक खाल्ले, तर बचत तिथेच संपली.

वाढदिवशी सूर्यास्तापूर्वी केक कापला. मामंजींनी सवयीने बशी सरकवली, तेव्हा सासूबाईंनी ती परत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी घास घेतला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "भाजलेल्या रव्याचा हा वास आईच्या केकचा आहे."

दुसरा तुकडा त्यांनी मागितला. सासूबाईंनी अर्धाच दिला.