नैसर्गिक आहे, म्हणून निरुपद्रवी?

मैत्रिणींनो, परवा बोईसरला बचत गटाच्या बैठकीत आमची एक मैत्रीण पदराने गाल झाकूनच आली. विचारलं तर म्हणाली, "ताई, ग्रेपफ्रूटचं तेल तोंडाला चोळलं नि गच्चीवर पापड घालायला गेले. संध्याकाळी चेहरा भाजल्यासारखा लाल! नैसर्गिक तेलाने असं कसं झालं?"

ग्रेपफ्रूट हे आपल्या पपनसाचं लेकरू. पपनस आणि संत्र्याच्या संकरातून ते 18व्या शतकात वेस्ट इंडीजमध्ये जन्मलं. त्याची साल दाबून हे तेल काढतात. संत्रं सोलताना डोळ्यांत तुषार उडतो ना, तसलाच अर्क बाटलीत साठवलेला असतो. वास प्रसन्न. रुमालावर एखादा थेंब टाकून हुंगलं तर बरं वाटतं. बरणीवरच्या लेबलाचा चिकटपणाही त्याने निघतो. गुण आहेतच.

पण त्यातली काही द्रव्यं उन्हाशी गाठ पडली की त्वचा पोळतात. म्हणून ते नुसतं कधीच लावू नये. सहा चमचे खोबरेल तेलात पाच-सहा थेंब, एवढंच पुरे. आधी कोपराच्या आत लावून एक दिवस पाहावं. लावल्यावर 12 ते 18 तास ऊन टाळावं. सातपाटीला बोंबील वाळवणाऱ्या बायांना हे कसं जमणार? त्यांनी अंगाला न लावलेलंच बरं.

"पाण्यातून दोन थेंब घ्या, पोट उतरेल," असंही काहीजणी सांगतात. याला भक्कम पुरावा नाही. तेल पिऊ नकाच. ग्रेपफ्रूटचा रससुद्धा रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी जुळत नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारा. गरोदर बायकांनीही विचारूनच वापरावं. मुलाने चुकून तेल प्यायलं तर उलटी करायला लावू नका, बाटली घेऊन थेट दवाखाना गाठा.

हे तेल पेट घेतं, म्हणून गॅस आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब, थंड जागी, झाकण घट्ट लावून ठेवा. जुनं झालेलं तेल त्वचेला जास्त झोंबतं.

तारापूर एमआयडीसीच्या शेजारी आपण राहतो. तिथल्या पिंपावर 'ज्वालाग्राही' लिहिलेलं दिसलं की आपण चार पावलं लांब होतो. मग घरातल्या चिमुकल्या बाटलीवरचं का वाचत नाही? त्यावर घटक, तारीख, सूचना काहीच नसेल, तर विकणारी मैत्रीण असली तरी "नको गं" म्हणायला शिकूया.