तारण कोण ठेवणार?

२८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये पॅरालिम्पिकचं उद्घाटन झालं, तेव्हा भारताचा तिरंगा दोघांच्या हाती होता. एक भालाफेकपटू सुमित अंतिल आणि दुसरी आमच्या नांदेड जिल्ह्यातली गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव. त्या आठवड्यात नांदेड-लातूरच्या चार जाणत्या मंडळींना मी तिचं नाव विचारलं. एकालाच ठाऊक होतं, तेही भाचीनं सांगितलं म्हणून.

याच मंडळींना हरिश्चंद्र बिराजदारांच्या कुस्त्या तोंडपाठ आहेत. म्हणजे मराठवाड्याला खेळाचं वेड नाही, असं नव्हे. पण आपलं प्रेम जिंकणाऱ्यावर. भाग्यश्री टोकियोत सातवी आली, पॅरिसमध्ये पाचवी. मधल्या काळात हांगझौच्या आशियाई आणि कोबेच्या जागतिक पॅरा स्पर्धेत तिनं रौप्यपदकं मिळवली, ती कुणाच्या ध्यानीही नाहीत. जमिनीला जखडलेल्या खुर्चीतून गोळा फेकणं म्हणजे काय, हे ज्याला कळत नसेल त्यानं खुर्चीत बसून एक वीट फेकून पाहावी.

क्यूबाचं उदाहरण घ्या. २०११च्या जनगणनेत नांदेड आणि लातूर मिळून ५८ लाख माणसं होती. क्यूबाची लोकसंख्या तेव्हा त्याच्या जेमतेम दुप्पट होती. त्या बेटावरच्या मारिया कोलोननं १९८० साली मॉस्कोत भालाफेकीचं सुवर्ण जिंकलं. ओस्लेइदिस मेनेंदेसनं २००४ साली अथेन्समध्ये तेच केलं आणि पुढच्या वर्षी ७१.७० मीटरचा विश्वविक्रम नोंदवला. तिथं प्रांतोप्रांती सरकारी क्रीडाशाळा आहेत. पोर शाळेत असतानाच हेरलं जातं. त्या राजवटीची बंधनं खेळाडूंनाही जाचली, कितीतरी जण देश सोडून गेले. ते आपल्याला नको. पण पदकाआधी खर्च करण्याची रीत घेण्यासारखी आहे.

मी बँकेत आयुष्य काढलं. ज्याला गरज नाही त्याला कर्ज देणं सर्वांत सोपं, हे तिथं शिकलो. पदकानंतरचे सत्कार तसेच. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर ७००० रुपयांना गहाण टाकलं. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. पण घर गहाण पडलं ते पदकाच्या आधी.

दुसऱ्यांना बोल लावण्याआधी माझंही सांगतो. माझ्या एका शाखेच्या दाराशी पाच पायऱ्या होत्या. पेन्शनला येणारी एक अपंग बाई खालीच बसून राहायची आणि शिपाई तिचे कागद वर आणायचा. आम्ही माणुसकी दाखवतो, असंच मला वाटे. तिथं एक उतार बांधावा, हे तीन वर्षांत एकदाही सुचलं नाही.

भाग्यश्रीसाठी कमानी उभारू नका. तालुक्याच्या मैदानावर गोळाफेकीचं एक सिमेंटचं वर्तुळ करा, खुर्ची जखडायला कड्या बसवा, आणि फाटकापासून तिथवर उतार असलेली वाट बांधा. पुढची मुलगी कदाचित सातवीच येईल. तरीही बांधा.