निगेटिव्ह परत द्या!

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून काय काय खाली उतरते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या माळ्यावरून वडिलांचा आग्फा क्लिक-तीन कॅमेरा उतरला. पाठीवरच्या लाल काचेत ८ हा आकडा दिसत होता. म्हणजे आत कृष्णधवल रोल होता. बारांपैकी सात फोटो वडिलांनी काढले होते आणि आठव्यासाठी खटका दाबायचा राहून गेला होता. त्यांना जाऊन तेव्हा चौतीस वर्षे झाली होती.

कॅमेरा चालतो की नाही हे पाहण्यासाठी उरलेले पाच फोटो मी काढले. नातवाचे दोन, अंगणातल्या तुळशीचा एक, सौभाग्यवतींचे दोन. मग रोल शहरातल्या एका दुकानात धुवायला टाकला. आठवड्याने फोनवर नऊ चित्रे आली. त्यांतल्या एकात आई उंबऱ्यापाशी रांगोळी काढीत बसली आहे आणि चित्राच्या खालच्या कडेला एका सावलीच्या डोक्याचा वरचा तुकडा दिसतो आहे. ती सावली वडिलांची. सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढावा हा त्या काळचा नियम, आणि तो त्यांनी पाळला होता. घरातले सगळे फोटो त्यांनीच काढलेले. त्यामुळे ते स्वतः फारसे कोठेच नाहीत.

आईने चित्र पाहिले आणि म्हणाली, “अरे, ह्यांची सावली पुरी नाही का रे येणार?”

यायला हरकत नव्हती. त्या कॅमेऱ्याचा फोटो चौकोनी, सहा सेंटिमीटर लांब नि तेवढाच रुंद. दुकानदाराने तो आडव्या मापात बसवताना वरचे-खालचे कापले होते. मी निगेटिव्ह मागायला गेलो. उत्तर मिळाले, “ते कोण नेतं साहेब हल्ली? आम्ही टाकून देतो.”

वाचकहो, रोल ‘धुवायला टाकणे’ हा आपला मराठी शब्दप्रयोग आहे. परिटाकडेही आपण कपडे धुवायला टाकतो. उद्या परिटाने तुमच्या पैठणीचा झकास फोटो पाठवला आणि पैठणी कचऱ्यात टाकली, तर तुम्ही त्याला धुलाईचे पैसे द्याल काय? मग फोटोवाल्याला का देता?

कोणी म्हणेल, चित्र तर मिळाले ना! नाही. मिळाली ती चित्राची नक्कल, आणि तीही दुकानदाराला सोयीची वाटली तेवढीच. निगेटिव्हवर चांदीचे कण असतात. प्रकाश ज्या जागी जेवढा पडला तेवढी चांदी तेथे काळी होऊन उरते. आईच्या रांगोळीवरून निघालेला त्या सकाळचा उजेड भिंगातून येऊन त्याच पट्टीवर पडला होता. ती जपली तर उद्या अधिक चांगल्या यंत्रावर अधिक मोठी नक्कल काढता येते. खिडकीशी धरली तर यंत्रावाचूनही दिसते. फोनवरचे चित्र मात्र फोनबरोबर जाते, आणि फोन आपण किती वर्षे वापरतो हे मी सांगायला नको.

दुकानदाराची बाजूही खोटी नाही. लोक खरोखरच निगेटिव्ह न्यायला येत नाहीत. पाकिटांचे ढीग त्याने कोठवर सांभाळायचे? हा दोष आपला आहे आणि तो जुना आहे. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने शंभर फोटोंचा रोल भरलेला कोडॅक कॅमेरा विकायला काढला. रोल संपला की कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. तेव्हापासून खटका दाबणे हे आपले काम आणि बाकीचे दुसऱ्याचे, अशी वाटणी झाली. बाकीचे म्हणजे नेमके काय, हे विचारण्याची सवयच आपल्याला राहिली नाही.

पण न विचारता फेकणे हा दुकानदारीचा धर्म नव्हे. ‘निगेटिव्ह परत मिळणार नाही’ अशी पाटी लावा. मी उंबऱ्यावरूनच मागे फिरेन. पाटी नाही, प्रश्न नाही, आणि माल मात्र कचऱ्यात! याला मी तरी व्यवहार म्हणत नाही.

म्हणून यंदा ज्यांच्या माळ्यावरून कॅमेरा उतरेल त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. आत रोल आहे की काय हे पाहायला झाकण उघडू नका. एका क्षणाच्या उजेडात वर्षानुवर्षांचा अंधार वाया जातो. रोल कृष्णधवल की रंगीत हे दुकानात स्पष्ट सांगा. रंगीत फिल्मच्या सी-४१ पद्धतीत शेवटी सगळी चांदी धुऊन काढतात आणि मागे रंग उरतात. साधी कृष्णधवल फिल्म त्या रसायनात गेली तर रंग मुळातच नसल्यामुळे हाती कोरी पट्टी येते. दिरंगाईही करू नका. कोडाक्रोम फिल्म धुणारे जगातले शेवटचे दुकान अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात होते; ३० डिसेंबर २०१० नंतर त्याने रोल घेणे बंद केले. त्यानंतर ज्यांच्या कपाटात असे रोल सापडले, त्यांचे मूळ रंग कायमचे गेले. आणि सर्वांत शेवटी, पावतीवर दुकानदाराच्याच हातून लिहून घ्या : ‘निगेटिव्ह परत देणे.’ लिहायला तो का-कू करू लागला, तर रोल खिशात घालून दुसरे दुकान गाठा.

जुन्या वस्तूंचे हे फाजील प्रेम आहे, असे माझा मुलगा म्हणतो. असेल. माझ्याही खिशात फोन आहे आणि त्यावर मी नातवाचे शेकडो फोटो काढतो. पण त्या रोलवर, पावणेतीन फुटांच्या एकाच पट्टीवर, आधी वडिलांनी सात वेळा खटका दाबला होता आणि पुढे मी पाच वेळा. बापलेकांनी मिळून केलेले तेवढे एकच काम होते.

आई पंचाऐंशीची आहे. अर्ध्या सावलीचा तो फोटो तिने देवघराशेजारी लावून घेतला आहे. उरलेली सावली कोठे गेली, हे मी तिला अजून सांगितलेले नाही.