तुरी आणि हरभऱ्याच्या मधले आठ दिवस



आज खत, बियाणे, फवारणी यांपैकी कशावरही लिहीत नाही. एका बाईने विचारलेल्या प्रश्नावर लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी पिंपळगाव राजा आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांची अभ्यास सहल मी कोकणात नेली होती. सारे पुरुषच होते. परत आल्यावर एका शेतकऱ्याच्या घरी चहाला बसलो असताना त्याची कारभारीण दाराआडून म्हणाली, "साहेब, समुद्राचं पानी लय खारं असते म्हनतात. आमच्या माहेरच्या इहिरीपेक्षाही खारं असते काय हो?"

तिचे माहेर पूर्णाकाठचे, संग्रामपूर तालुक्यातले. म्हणजे खारपाणपट्ट्यातले. या पट्ट्यातील पाण्याने डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि ते सतत दिले तर जमीन चोपण होते, हे आपल्याला ठाऊक आहे. मी तिला सांगितले की, पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला २ ग्रॅमच्या पुढे नसावेत असा दंडक आहे, आणि समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यावर ती हसली आणि म्हणाली, "म्हंजे पाहाले पाहिजे." आत गेली. सहलीच्या यादीत एकाही बाईचे नाव कसे नव्हते, हा विचार मला त्या दिवसापर्यंत शिवला नव्हता. यादी मीच केली होती.

आपल्याकडे घरातली बाई गाव सोडते ती कशासाठी? लग्न, बाळंतपण, दवाखाना, माती, आणि देवदर्शन. देवाला जावे, जरूर जावे. शेगाव तर आपल्या दाराशी आहे. पण रांगेत उभे राहणे आणि पोरे सांभाळणे याला विसावा म्हणता येत नाही. बैलालासुद्धा पोळ्याला खांदेमळणी करून आपण एक दिवस सोडतो.

जायचे केव्हा, हा पहिला प्रश्न. माझ्या मते आपल्या कोरडवाहू कुटुंबाला वर्षात एकच चांगली फट मिळते. तूर निघून पोती घरात आलेली असतात आणि हरभऱ्याचे घाटे भरत आलेले असतात, ते जानेवारीअखेरचे आठ दिवस. कपाशी तोवर उपटलेली असावीच. फरदड ठेवून गुलाबी बोंडअळीला पोसणाऱ्याला मी सहलीला जा म्हणणार नाही. निघण्याआधी हरभऱ्यात एक फेरी मारा. एक मीटर ओळीत एक-दोन घाटेअळ्या दिसल्या तर आधी फवारा, मग निघा. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी उलटू द्या, कारण सुट्टीत समुद्रकाठी शहरातल्या मोटारींची रीघ लागते. ती ओसरली की तीच गावे शांत होतात. भिजवणीचा गहू असेल तर पाळीला कोणीतरी घरी हवे.

शाळेतली पोरे? दहावी-बारावीचे पोर असेल तर हे वर्ष जाऊ द्या. लहान असतील तर आजीजवळ ठेवा आणि नवरा-बायको दोघेच जा. हे मी लिहितो तेव्हा पुष्कळ घरांत लोक एकमेकांकडे पाहून हसतील, हे मला माहीत आहे. हसा, पण जा.

दुसरा आणि खरा प्रश्न गोठ्याचा. गाय-म्हैस टाकून जायचे कसे, असे जो तो म्हणतो. पेरणीला आपण सावड करतोच, तशीच सावड गोठ्याचीही करता येते. यंदा तुमची जनावरे शेजाऱ्याने पाहावी, पुढल्या वर्षी त्याची तुम्ही. मात्र दुभत्या जनावराचा हात एकाएकी बदलू नये. निघण्याच्या चार-पाच दिवस आधीपासून शेजारणीला धार काढायला बसवा, तुम्ही जवळ उभे राहा. वैरण आणि ढेप रोजच्या मापाने वेगळी काढून ठेवा. जिच्या प्रश्नावरून हा लेख सुरू झाला तिने पुढे हेच केले, पण चार दिवस आधी नाही, एकच दिवस आधी. तिची गाय दोन दिवस पान्हा चोरत होती.

आता कुठे जायचे. मोठ्या नावाच्या, गर्दीच्या ठिकाणांची नावे मी सांगणार नाही. मला पसंत असलेले गाव म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले. तालुक्याचे गाव, पण लहान. बंदर आहे, बाजार आहे, डचांच्या जुन्या वखारीची पडकी इमारत आहे. सतराव्या शतकात हॉलंडचे व्यापारी तिथे बसत. संध्याकाळी बंदरावर किंवा उभादांड्याजवळच्या सागरेश्वराच्या वाळूत बसले की लाटांखेरीज फारसे काही ऐकू येत नाही. आपल्याकडे रात्री मोटारपंपाची वाट पाहत जागणाऱ्या माणसाला तेवढेही पुष्कळ आहे.

पण शेतकऱ्याचे डोळे रिकामे बसत नाहीत. तेव्हा एक दिवस तेथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्रासाठी ठेवा. हे केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे. काजूच्या 'वेंगुर्ला' नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती इथल्या. रत्ना हा आंबाही इथलाच, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेला. पुढे रत्ना आणि हापूस यांपासून पातळ कोयीचा सिंधू काढला. जानेवारीअखेर आंब्याला मोहोर असतो, काजूही मोहोरात असतो, आणि वाऱ्याला त्याचा वास असतो.

तिथली माती पाहा. तांबडा जांभा. पाऊस आपल्या चौपट, सुमारे ३००० मिलिमीटर, आणि तरी एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांना पाणी पुरत नाही. जांभा पाणी धरून ठेवत नाही, ते डोंगरउतारावरून समुद्राला मिळते. आपली काळी माती जेमतेम सात-आठशे मिलिमीटरच्या पावसावर हरभरा पिकवते, तो मुरलेल्या ओलीच्या जिवावर. आमच्या सहलीतील एक म्हातारा शेतकरी तिथल्या बांधावर उकिडवा बसून बराच वेळ माती चोळत होता. उठला तेव्हा एवढेच म्हणाला, "आपली काळी बरी." सखल भागात पाणी टिकते तिथे ते लोक हिवाळ्यात भाताचे दुसरे पीक घेतात, त्याला वायंगण म्हणतात. चिखलातली ती हिरवी खाचरे जानेवारीत पाहायला मिळतात.

वेंगुर्ल्याहून एस. टी. ने दक्षिणेला निघालात की वाटेत आरवली लागते. तिथल्या वेतोबाला लोक केळीचे घड आणि भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. पुढे शिरोडे. मराठीतील पहिले ज्ञानपीठ मिळवणारे वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ पर्यंत या गावी शाळामास्तर होते. इथे मिठागरे आहेत, आणि १९३० च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला.

इथे थोडे थांबतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या वऱ्हाडातही मिठाचा सत्याग्रह झाला होता, आणि समुद्र तर शेकडो मैल लांब! अकोला जिल्ह्यातील दहीहंड्याला लोकांनी खाऱ्या विहिरीचे पाणी आटवून मीठ काढले. ज्या पाण्याला आपण शिव्या देतो तेच पाणी. शिरोड्याच्या मिठागरात वाफ्यामागून वाफे केलेले असतात. भरतीचे पाणी आत घेतात, उन्हाने आटवतात आणि फावड्याने मीठ ओढतात. खारपाणपट्ट्यातल्या माणसाने ते पाहावे, असे मला फार वाटते.

जाण्याचा रस्ता लांब आहे, हे लपवत नाही. शेगाव किंवा मलकापूरहून रात्रीच्या गाडीने कल्याण-दादर, तिथून कोकण रेल्वेच्या गाडीने कुडाळ किंवा सावंतवाडी, पुढे एस. टी. ने वेंगुर्ले. जाण्यायेण्यात चार दिवस मोडतात, राहायला चार उरतात. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पुरी होण्याआधी तर हा प्रवास याहून कठीण होता. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते. म्हणजे जानेवारीअखेरच्या प्रवासासाठी नोव्हेंबरच्या शेवटी स्थानकावर जावे. एस. टी. त महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे भाडे आहे, आणि पंचाहत्तरी उलटलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. आधार कार्ड जवळ असू द्या.

राहायला मोठे हॉटेल नको. वेंगुर्ले, आरवली, शिरोडे या बाजूला लोक आपल्या घरातील खोल्या पाहुण्यांना देतात, घरचेच जेवण वाढतात. दर आधी फोनवर ठरवा, जेवणासह की जेवणाविना ते स्पष्ट विचारा. माळकरी असाल तर तेही आधीच सांगा, म्हणजे कुळथाची पिठी, उकड्या तांदळाची पेज, सोलकढी असे तुमच्यापुरते वेगळे शिजेल. ज्वारीची भाकरी मिळेलच असे नाही. चार दिवस तांदळाची खा. आणि घरच्या बाईने तिथे चुलीजवळ जाऊ नये. नुसते पान वाढून येऊ द्यावे. पुष्कळींना पहिले दोन दिवस हे जमत नाही, मदतीला उठतात.

समुद्राशी मात्र गमती नकोत. आपण विहिरीत पोहणारे लोक, आपल्याला वाटते पाणी ते पाणी. पण दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, रोज जवळपास पाऊण-एक तासाने पुढे सरकणारी, अमावास्या-पौर्णिमेला उधाण. ओहोटीचे पाणी पायाखालची वाळू ओढून नेते. घरमालकाला किंवा कोळ्याला विचारल्यावाचून गुडघ्यापलीकडे जाऊ नका. पावसाळ्यात तर पाण्यात उतरूच नये.

आठ दिवस निघणे ज्यांना अशक्यच आहे, त्यांनी दोन दिवस काढून लोणारला जावे. खामगाव-मेहकर मार्गे आपल्याच जिल्ह्यात. उल्का पडून झालेले ते विवर पाहायला जगातून शास्त्रज्ञ येतात, आणि आपल्यातले कित्येक बाजाराला मेहकरपर्यंत जाऊन परततात. तेही पाणी खारट आणि साबणासारखे बुळबुळीत. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले होते, क्षारात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि त्याच वर्षी या सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. दैत्यसूदनाच्या मंदिरावरील कोरीव काम सावकाश पाहा. सुट्टीचा वार टाळलात तर काठावर शांतता असते.

ती बाई मागल्या जानेवारीत नवऱ्याबरोबर वेंगुर्ल्याला जाऊन आली. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत समुद्राचे पाणी भरून आणले, आणि संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला माहेरी गेली तेव्हा आईला चाखायला दिले. आईने थुंकून टाकले म्हणे, आणि लगेच विचारले, "मले कवा नेतं?"

आता म्हातारीसाठी खालच्या बर्थचे तिकीट कसे मिळवायचे, असे त्यांनी मला विचारले आहे. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळिशीपुढील बायकांना आरक्षणाच्या अर्जात वय नीट लिहिले की शिल्लक असेल तर खालचा बर्थ आपोआप दिला जातो. म्हणून पहिल्याच दिवशी अर्ज करा.

पुढील अंकात उन्हाळी मुगाविषयी.